सेदरसाठी वाइन, शेरबत आणि जेवणाबरोबरचं मद्य: चौदा माणसं, चार प्याले

ठाण्याची_लेक (५ मार्च २०२६)

नमस्कार मंडळी.

यंदा पेसाह (मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याचा आम्हा ज्यूंचा सण) १ एप्रिलच्या संध्याकाळी लागतोय आणि पहिल्या रात्रीचा सेदर, म्हणजे सुटकेची गोष्ट सांगत, वाइनचे चार प्याले घेत करायचं विधीचं जेवण, पहिल्यांदाच माझ्या घरी आहे. आई गेली त्याला दीड वर्ष झालं. तोवर मी फक्त ताटं मांडणारी आणि हग्गादातलं (सेदरला वाचायच्या पोथीतलं) वाट्याला आलेलं पान वाचणारी होते. काय आणायचं, किती आणायचं हे सगळं तिच्या डोक्यात असायचं, आणि मी कधी विचारलं नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, मी वाढले ठाण्यात. आता न्यू जर्सीत असते. घरी येणार चौदा जण: बारा मोठे, दोन मुलं. सासू-सासरे अश्केनाझी (युरोपाकडचे ज्यू) आहेत आणि नियम कडक पाळणारे आहेत. सासऱ्यांना जेवणाबरोबर काहीतरी तगडं लागतं, एरवी ते बर्बन घेतात. माझे मोठे काका येणार, त्यांना मधुमेह आहे. नणंद गरोदर आहे. आणि एडिसनहून माझी शाळेपासूनची मैत्रीण नवऱ्याबरोबर येणार आहे. ती हिंदू, पण ठाण्यात आमच्याकडच्या सणाला तिचं पान ठरलेलं असायचं.

आमच्याकडे चार प्याल्यांना काळ्या मनुकांचं शेरबत असे. वाइन कधी नव्हतीच. सासूबाई प्रेमाने म्हणाल्या की "ज्यूस मुलांसाठी ठेव, मोठ्यांना खरी वाइन हवी." तेव्हापासून मी दुकानात दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परत आलेय. एका भिंतीवर दोनशे बाटल्या, प्रत्येकीवर वेगवेगळे शिक्के. कुठून सुरुवात करू?

---

द्राक्षवेल (५ मार्च)

मी न्यू जर्सीतच एका मद्याच्या दुकानात कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या मालाचा, विभाग बघते, सात पेसाह झाले. आधी हिशेब करू, म्हणजे भिंत लहान दिसायला लागेल.

प्याला किती मोठा हवा यावर दोन मतं आहेत. जास्त घरांत चालतं ते ८६ मिली, काटेकोर मंडळी १५० मिली धरतात. चार प्याले म्हणजे ८६ च्या हिशेबाने माणशी ३४४ मिली. ७५० मिलीच्या बाटलीत दोन माणसांचे चार-चार प्याले बसतात, वर थोडी उरते. नणंद सोडून अकरा मोठी माणसं, म्हणजे पाच बाटल्या आणि वर किंचित. एलियाहू प्रेषितासाठी भरून ठेवायचा प्याला, जेवणाबरोबरचे घोट आणि टेबलावर सांडणारी धरून आठ घ्या. सासऱ्यांचा चांदीचा प्याला १५० चा असेल तर नऊ. आणि प्रत्येक प्याला तळापर्यंत रिकामा करायलाच हवा असं नाही, अर्ध्याहून थोडा जास्त प्यायला तरी चालतो. काकांसाठी हे लक्षात ठेवा.

आता शिक्के. वाइन कोशर होते ती द्राक्षापेक्षा हातांमुळे. द्राक्षं चिरडल्यापासून बाटलीला बूच लागेपर्यंत ती शाबाथ (शनिवारची धार्मिक विश्रांती) पाळणाऱ्या ज्यूंनीच हाताळायची असते. शिवाय वाइन नितळ करायला जे घालतात ते कोशर हवं. जिलेटिन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ असला तर अडतं, अंड्याचा पांढरा भाग किंवा बेंटोनाइट नावाची माती असली तर अडत नाही. बहुतेक कोशर वाइन पेसाहलाही चालते, पण "बहुतेक" वर विसंबू नका. लेबलवर पेसाहचा वेगळा शिक्का शोधा. अमेरिकेतल्या गोड कॉन्कर्ड (द्राक्षाची एक जात) वाइन्समध्ये एरवी कॉर्न सिरप असतं, आणि मका अश्केनाझींना पेसाहमध्ये वर्ज्य. मॅनिशेविट्झ कंपनीवाले पेसाहसाठी उसाची साखर घातलेली वेगळी काढतात. बाटली तीच दिसते, फरक शिक्क्यात असतो.

आणि सर्वात महत्त्वाचं, तुमची मैत्रीण येणार आहे म्हणून: लेबलवर "मवुशाल" लिहिलंय का बघा. मवुशाल म्हणजे तापवलेली. ही वाइन उघडल्यावर कुणीही ओतली तरी तिचं कोशरपण जात नाही. मवुशाल नसेल तर उघडल्यानंतर ती ज्यू माणसानेच ओतायची.

---

मृद्गंध (५ मार्च)

मी ज्यू नाही. लीड्सला असताना एका सहकाऱ्याच्या सेदरला गेले होते. शेजारच्या आजींचा प्याला रिकामा दिसला म्हणून मी बाटली उचलली आणि यजमानांनी धावत येऊन ती माझ्या हातातून घेतली. कारण नंतर सांगितलं, अगदी नम्रपणे सांगितलं. पण त्या क्षणी जे वाटलं ते अजून आठवतं. आमच्या आजीचं सोवळं असंच असायचं, असं मनाला समजावलं. तरी घरी जाताना गप्प होते.

ठाण्याची_लेक, मैत्रिणीला आधी सांगा. किंवा तापवलेलीच आणा.

---

कृष्णाकाठ (६ मार्च)

"सोवळं" हा शब्द इतक्या सहज येतो याचं मला वाईट वाटतं. ज्यांच्या आज्यांना ओंजळीत पाणी वरून ओतलं गेलं त्यांना हा नियम वाचून काय वाटत असेल? सण गुलामगिरीतून सुटल्याचा आणि पाहुण्याच्या हाताने वाइन बाटते. मला खरंच समजून घ्यायचंय, वाद घालायचा नाही.

---

अश्दोदकर (६ मार्च)

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. मी रेवदंड्याजवळ जन्मलो, १९६० च्या दशकात आईवडिलांबरोबर इस्राएलला आलो. इथे आमच्या समाजालाच "तुम्ही पुरते ज्यू आहात का" असं विचारलं गेलं. १९६४ साली सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, तेव्हा तो विषय मिटला. दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय, ते आम्हाला माहीत आहे.

या नियमाचं मूळ वाइनमध्ये आहे, माणसात नाही. जुन्या काळी वाइन देवतांपुढे ओतून अर्पण करत. अशा अर्पणातली वाइन ज्यूंनी प्यायची नाही, हा मूळ निषेध. पुढे रब्बींनी (धर्मगुरूंनी) तो वाढवला: कुणी कशासाठी हाताळली हे कळणार नाही, म्हणून सरसकट. सोयरीक होऊ नये हाही हेतू त्यात होता, ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच परंपरेने वाटही ठेवली: तापवलेली वाइन कुणी अर्पण करत नसे, म्हणून तिला हा नियम लागू नाही. पाणी, भाकरी, भाजी, फळं, पाहुण्याने वाढलेलं ताट, यांपैकी कशालाही तो नाही. पाहुण्याच्या स्पर्शाने माणूस किंवा घर अशुद्ध होतं असं यात कुठेच नाही.

तरी मृद्गंध यांना जे वाटलं ते खरं आहे. यजमानाने पाहुण्याला त्या जागी येऊच द्यायचं नसतं. हग्गादाच्या सुरुवातीलाच आपण म्हणतो: जो भुकेला आहे त्याने यावं आणि जेवावं. त्याला बोलावून त्याच्या हातातली बाटली काढून घ्यायची वेळ येऊ देऊ नये.

---

कृष्णाकाठ (६ मार्च)

आभार, काका. अर्पणाचा संदर्भ माहीत नव्हता. मला हा नियम अजूनही टोचतो, पण तुमचं म्हणणं पोचलं.

---

ठाण्याची_लेक (६ मार्च)

सगळ्यांचे आभार. मैत्रिणीला काल रात्रीच फोन केला. ती हसली आणि म्हणाली, "तुझी आई मला शेरबताचा जग द्यायची, आणि ओतायचं काम माझंच असायचं. आता का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईने तिला जग का दिला असेल? तिला नियम माहीत नव्हता, की माहीत होता म्हणूनच दिला?

---

टेंभीनाका (७ मार्च)

बाळा, तुझी आई उकळायची ना शेरबत? मग तिला बरोबर माहीत होतं.

मी ठाण्यातच आहे, आपल्या १८७९ च्या सिनेगॉगपासून चालत पाच मिनिटांवर. आमच्या लहानपणी इथे कोशर वाइन मिळायचीच नाही. आलीच तर कुणाच्या तरी सामानातून एखादी बाटली, ती सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या हझ्झान साहेबांकडे जायची. घरात किद्दुश, म्हणजे सणाच्या प्याल्यावरचा आशीर्वाद, मनुकांच्या शेरबतावर. कृती लिहून ठेव, तुझ्या आईची आणि माझी एकाच सासरची:

बियांच्या काळ्या मनुका अर्धा किलो. हिरवे बेदाणे नकोत, त्यांचा रंग आणि आंबटपणा दोन्ही कमी. एकेक मनुका बोटाने उघडून बघायची, किडा किंवा काडी असते. दोन-तीन पाण्यांनी धुवायच्या. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात सव्वा लिटर पाण्यात भिजत टाकायच्या, वर पांढरं फडकं. माझी सासू तीन दिवस भिजवायची, मी दोन रात्री भिजवते, फ्रिजमध्ये. मग त्याच पाण्यात हाताने कुस्करायच्या. मिक्सरला लावल्या तर बिया फुटून कडवट होतं. मंद आचेवर एक दणदणीत उकळी आणून दहा मिनिटं ठेवायच्या. गार झाल्यावर पेसाहच्या स्वच्छ धुतलेल्या मलमलमधून पिळायच्या. चोथा पिळून पिळून घे, खरा दाट रस शेवटी येतो. साखर घालायची नाही. अर्धा किलोत साधारण लिटरभर निघतं, आटलं तर थोडं कमी.

भांडी पेसाहची हवीत हे तुला सांगायला नको.

---

अश्दोदकर (७ मार्च)

टेंभीनाका ताईंनी कृती दिली, मी तिच्यामागचा आधार देतो, कारण "ज्यूस मुलांसाठी" हे वाक्य मला साठ वर्षांपूर्वीचं आठवलं. आम्ही नवे आलो तेव्हा शेजारच्यांनी आईच्या सुरईकडे बघून विचारलं होतं, "तुमच्याकडे द्राक्षं नव्हती का?" आई गप्प बसली. पुढच्या वर्षी तिने बाजारातली गोड वाइन आणली आणि शेरबत करणं सोडलं. आज वाटतं, मी तेव्हा मोठा असतो तर तिला सोडू दिलं नसतं.

मनुकांची वाइन किद्दुशला चालते हे तालमूद या जुन्या धर्मग्रंथात आहे, बावा बात्रा या भागात, ९७ ब. शुल्हान आरूख या नियमग्रंथातही आहे. अट एवढीच की मनुका इतक्या वाळलेल्या नसाव्यात की दाबल्यावर त्यांतून ओल निघणारच नाही. आशीर्वादही वाइनचाच म्हणायचा, बोरे पेरी हागेफेन (द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणारा). म्हणजे आपल्या आयांनी गरिबीमुळे काहीतरी चालवून घेतलं असं नव्हे, त्यांनी ग्रंथातली वाट धरली होती.

आणि उकळल्यामुळे ते मवुशाल झालं. तुझ्या मैत्रिणीने जग उचलला तो पूर्ण नियमात बसून. सासरच्यांचे रब्बाई काय म्हणतात ते मात्र आधी विचारून घे. चार प्याल्यांना न तापवलेलीच वाइन बरी, असं मानणारी घरं आहेत.

---

तासगावकर (८ मार्च)

मी बेदाण्याच्या धंद्यातला. धर्माचं माहीत नाही, मालाचं सांगतो. आमच्याकडे हिरवा बेदाणा करताना घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्याने साल लवकर पाणी सोडते. ते तेल म्हणजे इथाइल ओलिएट, आणि त्याचा स्रोत वनस्पती की प्राणी हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. पिवळा दिसणारा माल गंधकाच्या धुरीतला असतो. तुम्हाला बहुधा दोन्ही नको असेल. घटकांमध्ये फक्त "मनुका" लिहिलंय, तेल नाही, असा उन्हात वाळवलेला काळा माल घ्या. पाण्यात टाकल्यावर वर तेलाची साय आली तर तो माल शेरबताला वापरू नका.

---

टेंभीनाका (८ मार्च)

हे मला सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आभार भाऊ. म्हणूनच मागल्या वर्षी वर तवंग आला होता.

---

द्राक्षवेल (९ मार्च)

आता वाइनची नावं घेते, कारण सासू-सासऱ्यांसाठी बाटली लागेलच.

परंपरेने लाल वाइनला पसंती आहे. पांढरी फारच सरस असेल तर गोष्ट वेगळी. पण सेदरला वाइन निवडताना लोक एक चूक करतात: जेवणासाठी निवडतात. पहिला प्याला किद्दुशचा, दुसरा मिसरची गोष्ट सांगून झाल्यावर, आणि या दोन्हींच्या मध्ये पोटात जातं ते कोथिंबिरीचं किंवा सेलरीचं एक पान. म्हणजे दीड-दोन तास रिकामं पोट. तिथे साडेचौदा टक्के अल्कोहोलची, ओकच्या पिंपातली, तुरट काबर्ने देऊ नका. मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी लोक सर्वात महागडी बाटली पहिल्यांदा उघडतात.

पहिल्या दोन प्याल्यांना हलकं लाल घ्या. बॅरन हर्झॉगची कॅलिफोर्नियाची साधी लाल वाइन मवुशाल असते आणि खिशाला परवडते. अगदी हलकं हवं तर बार्तेनुराची निळ्या बाटलीतली मोस्काटो, अल्कोहोल जेमतेम पाच टक्के, पण ती पांढरी आणि गोड. तिसरा प्याला जेवणानंतरच्या प्रार्थनेचा आणि चौथा हल्लेल या स्तुतिगीतांनंतरचा. पोट भरलेलं असतं, तिथे दमदार बाटली शोभते. इस्राएलच्या ताब्यातल्या गोलानच्या यार्देनची काबर्ने मला स्वतःला फार आवडते. हा कारखाना १९८३ चा, उंचावरचे थंड मळे, आणि वाइनमध्ये ते जाणवतं. ती मवुशाल नाही, तेव्हा ओतायचं काम नवऱ्याकडे द्या. स्पेनमधली कापसानेसची पेराज हाअबिब मिळाली तर सोडू नका. १९९० च्या दशकात बार्सिलोनाच्या ज्यू समाजाने त्या गावच्या सहकारी कारखान्याला कोशर वाइन करायला सांगितलं, आणि त्या एका मागणीतून गावाचं नाव झालं.

एक बारकावा. इस्राएलची २०२२ सालची वाइन घेणार असाल तर लेबल नीट वाचा. ते शमिता वर्षाचं पीक, म्हणजे सातव्या, जमिनीच्या विश्रांतीच्या वर्षाचं. त्यातल्या काही बाटल्यांवर पावित्र्य असतं आणि अशी वाइन वाया घालवायची नसते. सेदरला आपण मिसरवरच्या दहा अरिष्टांची नावं घेताना दहा थेंब काढून टाकतो. तेवढ्यासाठी दुसरी वाइन वापरावी लागते. सोपा उपाय: दुसऱ्या सालची घ्या.

काकांसाठी: कॉन्कर्डसारख्या गोड वाइनपासून आणि द्राक्षरसापासून दूर. द्राक्षरसात १०० मिलीला साधारण १५ ग्रॅम साखर, चार पूर्ण प्याल्यांत पन्नास ग्रॅमच्या वर जाते. कोरड्या लाल वाइनमध्ये साखर नावाला. छोटा प्याला, अर्ध्याहून जरा जास्त घोट, आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. शेरबत त्यांना नको, कितीही मायेचं असलं तरी. नणंदेला आणि मुलांना मात्र शेरबतच द्या.

---

म्हापसेकर (१० मार्च)

एक शंका. पेसाहमध्ये खमीर वर्ज्य म्हणजे आंबवलेलं वर्ज्य. मग वाइन कशी चालते? तीही आंबवूनच होते ना? आणि आमच्या गोव्याची काजू फेणी चालेल का? तिच्यात धान्य नाही, द्राक्षही नाही, फक्त काजूच्या बोंडांचा रस.

---

अश्दोदकर (१० मार्च)

छान प्रश्न. हामेत्झ फक्त पाच धान्यांचं: गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट. पाणी लागून अठरा मिनिटं गेली आणि भाजलं नाही, की ते हामेत्झ. द्राक्ष कितीही आंबलं तरी हामेत्झ होत नाही.

गंमत अशी की आपल्या पूर्वजांनी कोकणात या सणाला नाव दिलं ते आंबण्यावरूनच. केहिमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला त्यात पेसाहचं जुनं नाव "अनाशी ढाकाचा सण" दिलंय, आंबट रसाचं भांडं झाकून ठेवण्याचा सण. हिब्रू विसरले होते, ग्रंथ नव्हते, पण या दिवसांत काहीतरी आंबट बंद ठेवायचं, एवढं पिढ्यान्‌पिढ्या धरून राहिले. हे वाचलं की माझा घसा दाटतो.

फेणीबद्दल: मूळ पदार्थ म्हणून तिच्यात अडचण दिसत नाही. पण त्याच भट्टीत आणखी काय निघतं, बाटलीत भरताना काय मिसळतं, हे देखरेखीशिवाय कळत नाही. पेसाहमध्ये शिक्क्याशिवायचं मद्य कडक घरात नेऊ नका. पेसाह झाल्यावर मात्र तुमच्या हातची एक बाटली मी आनंदाने घेईन.

---

द्राक्षवेल (११ मार्च)

मद्याचं राहिलंच. सासऱ्यांच्या बर्बनला सुट्टी. बर्बन मुख्यतः मक्याची असली तरी तिच्यात जव असतं, बहुतेकदा रायही, म्हणजे हामेत्झ. व्हिस्की, बिअर, धान्याची व्होडका, धान्यावरची जिन, सगळं बाद. बाटलीवर वर्षभराचा कोशर शिक्का असला तरी बाद. नुसतं प्यायचं नाही एवढंच नाही, त्या दिवसांत मालकीचंही असायला नको. म्हणून आठवण करा की पेसाहआधी रब्बाईंमार्फत हामेत्झ विकण्याच्या यादीत त्यांचं कपाटही यावं. महागड्या बाटल्या कुणी ओतून देत नाही, विकतात आणि सण संपला की परत घेतात.

साधी कॉन्यॅक घेऊन येतो म्हणाले तर थांबवा. तिच्यात धान्य नाही, पण ती द्राक्षाची, आणि कोशर वाइनपासून काढलेली नसेल तर वाइनचाच प्रश्न तिथेही येतो. लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो. बडीशेपेच्या वासाच्या अराक या मद्याचंही तसंच, आतला अल्कोहोल कशाचा ते शिक्क्यावरून बघा.

मी सुचवेन स्लिवोवित्झ. आलुबुखाराची ब्रँडी, पूर्व युरोपातल्या ज्यूंचं पेसाहचं पेय. मोराव्हियातल्या येलिनेकची पेसाहच्या शिक्क्यासह मिळते. पन्नास टक्क्यांच्या आसपास असते, जपून. सासरे पोलंडकडचे असतील तर त्यांच्या आजोबांच्या टेबलावर हीच असण्याची शक्यता दांडगी. शंभर टक्के अगावेची टकीलाही पेसाहच्या शिक्क्यासह मिळते, पण सेदरला मला ती परकी वाटते.

आणि वेळ सांभाळा. स्लिवोवित्झ दुसऱ्या प्याल्यानंतर, जेवताना. अफिकोमान (जेवणाच्या शेवटी खायचा बेखमीर भाकरीचा तुकडा) खाल्ला की त्यानंतर उरलेले दोन प्याले आणि पाणी, बाकी काही नाही. जेवणानंतर निवांत ग्लास घेऊन बसायची ज्यांना सवय आहे त्यांना हे आधीच सांगा. ऐनवेळी सांगितलं की रुसतात.

---

मृद्गंध (११ मार्च)

धागा वाचनखुणेत ठेवला. पाहुण्याने काय न्यावं हेही कुणी सांगाल का? मी तेव्हा नाशिकची वाइन नेली होती, आपल्या मातीतली म्हणून.

---

द्राक्षवेल (११ मार्च)

भावना फार चांगली, पण देखरेखीत केलेली नसेल तर ती टेबलावर येऊ शकत नाही, आणि यजमानाला ती बाजूला ठेवताना तुमच्याइतकंच वाईट वाटतं. फुलं न्या. बाटलीच न्यायची तर पेसाहचा शिक्का असलेली, मवुशाल, न उघडलेली. घरचं शिजवलेलं काहीही नको, अगदी करंज्याही.

---

ठाण्याची_लेक (१४ मार्च)

ठरलं ते लिहिते. पहिल्या दोन प्याल्यांना मवुशाल हलकी लाल, पाच बाटल्या. तिसऱ्या-चौथ्याला यार्देन, तीन. स्लिवोवित्झ एक. शेरबत तीन लिटर, दीड किलो मनुका आजच आणल्या, घटकांत फक्त मनुका.

सासूबाईंना अश्दोदकर काकांचा बावा बात्राचा संदर्भ सांगितला. त्यांनी आपल्या रब्बाईंना विचारलं. ते म्हणाले, चालतं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा असेल तर मोडू नका. मग सासूबाईंनी मला विचारलं, "मग मलाही एक प्याला त्याचाच देशील?"

---

टेंभीनाका (१४ मार्च)

तीन लिटरला दीड किलो पुरेल. चोथा पिळताना कंटाळा करू नकोस.

---

ठाण्याची_लेक (५ एप्रिल २०२६)

सणाच्या शुभेच्छा. उशिरा लिहितेय, भांडी आत्ता आवरली.

काकांनी मराठी हग्गादा वाचली. आमच्याकडे १८७४ च्या पुण्याच्या छापील हग्गादाची झेरॉक्स आहे, एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि साडी नेसून बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र. सासरे ते चित्र बराच वेळ बघत होते. स्लिवोवित्झचा वास घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि आजोबांचं नाव घेतलं. द्राक्षवेल, तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही.

मैत्रिणीने शेरबताचा जग उचलला आणि न विचारता सगळ्यांच्या प्याल्यांत ओतत गेली, तशीच जशी ठाण्यात जायची. एलियाहू हन्नाबीच्या प्याल्यापाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कोकणात एलियाहूवर आपल्या लोकांचा जेवढा जीव आहे तेवढा कुठे असेल मला माहीत नाही. त्यांचा प्याला आईच्या शेरबताचा होता. दार उघडायला धाकटी गेली.

काकांनी वाइनचे चारही प्याले अर्धेच घेतले, साखर दुसऱ्या दिवशी बरी होती. यार्देनची एक बाटली उरली. शेरबत अर्धा लिटर उरलंय, फ्रिजमध्ये आहे. आज झाकण उघडलं तर थोडा फेस दिसला. मावशी, टाकून देऊ का?

---

टेंभीनाका (५ एप्रिल)

टाकू नकोस गं. द्राक्षाचा फेस आहे, धान्याचा नव्हे. घट्ट बूच लावू नकोस, फुटेल. पुन्हा एक उकळी दे, गाळ, आणि शेवटच्या दिवसाच्या किद्दुशला वापर.